बॅरिस्टर गांधींची कात्री

केस कापण्याचा खर्च वाचवण्यासाठी घरीच आरशापुढे कात्री हाती घेण्याचा उद्योग नवा नाही. २०२०च्या टाळेबंदीत केशकर्तनालयांना कुलुपे लागली, तेव्हा शहरांतील असंख्य घरांनी तो नाइलाजाने शिकून घेतला. त्या वेळी अनेकांच्या मानेमागे जो गोंधळ उडाला, तसाच गोंधळ डोक्यावर घेऊन एक तरुण हिंदी बॅरिस्टर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतील न्यायालयात हजर झाला होता. बरोबरीचे वकील पोट धरून हसले. त्या बॅरिस्टरचे नाव मोहनदास करमचंद गांधी.

गांधीजींच्या चरित्रात दांडीयात्रा, चरखा आणि उपोषणे यांना जे स्थान मिळते, ते या फसलेल्या केशकर्तनाला मिळत नाही. तरीही त्यांच्या आयुष्यात कात्री आणि वस्तरा वारंवार येतात. कधी त्यांनी त्या स्वतःवर चालवल्या, कधी सहकाऱ्यांसाठी, तर कधी इतरांवर आपली इच्छा लादताना. काटकसर, स्वाभिमान आणि अस्पृश्यता हे त्यांच्या जीवनातील तीन विषय कसे एकमेकांत गुंतले होते, हे या साध्या हत्यारावरून उमगते.

शेंडी गेली, भांग आला

गांधीजींचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी पोरबंदर येथे झाला. वडील करमचंद हे काठेवाडातील संस्थानांचे दिवाण. घर वैष्णव परंपरेचे, त्यामुळे मुलाच्या डोक्यावर शेंडी असणे ओघानेच आले. १८८५ मध्ये वडील वारले. १८८७ मध्ये मॅट्रिक झाल्यावर मोहनदासने विलायतेस जाऊन बॅरिस्टर व्हावे असे ठरले. खर्चाचा भार मुख्यतः थोरले बंधू लक्ष्मीदास यांनी उचलला. समुद्रपर्यटनास मोढ वणिक जातीच्या पुढाऱ्यांचा विरोध होता आणि त्यांनी या तरुणास जातीबाहेर टाकले. ४ सप्टेंबर १८८८ रोजी तो मुंबईहून निघाला.

निघण्यापूर्वी त्याने शेंडी काढून टाकली. उघड्या डोक्याने वावरताना इंग्रज आपल्याला हसतील, रानटी समजतील, ही भीती त्यामागे होती. पुढे आत्मकथेत गांधीजींनी या कृतीला भित्रेपणाच म्हटले आहे. हा भित्रेपणा स्वतःपुरता राहिला नाही. दक्षिण आफ्रिकेत त्यांचे पुतणे छगनलाल गांधी श्रद्धेने शेंडी राखून होते. सार्वजनिक कामात ती आड येईल, या समजुतीने गांधीजींनी त्यांनाही ती काढायला लावली.

लंडनमध्ये सभ्य गृहस्थ होण्याचा ध्यास लागला. १९ शिलिंगांची उंच टॉप हॅट आली. बाँड स्ट्रीटवर शिवलेल्या संध्याकाळच्या सुटावर १० पौंड खर्च झाले. भावाकडून दुपदरी सोन्याची साखळी मागवली गेली. नृत्यवर्गाच्या एका सत्रासाठी ३ पौंड, व्हायोलिनसाठी ३ पौंड आणि वक्तृत्वाच्या शिक्षकाला एक गिनी, असा पैसा जात राहिला. रोज मोठ्या आरशासमोर दहा मिनिटे टाय बांधण्यात आणि भांग पाडण्यात जात. केस मऊ नव्हते, त्यामुळे ब्रशशी रोज झटापट चाले.

हे वेड जवळपास तीन महिने टिकले. आपण विद्यार्थी आहोत, आयुष्य इंग्लंडमध्ये काढायचे नाही आणि हा सारा पैसा भावाचा आहे, याची जाणीव झाल्यावर वक्तृत्व, नृत्य आणि व्हायोलिन यांना रजा मिळाली. पोशाखातला टापटीपपणा मात्र पुढे कित्येक वर्षे राहिला.

फार्दिंगचाही हिशेब

गांधीजींची काटकसर लंडनमध्येच सुरू झाली. बसचे भाडे, टपाल हशील, वर्तमानपत्रावर गेलेली नाणी असा प्रत्येक फार्दिंग वहीत नोंदला जाई आणि रात्री झोपण्यापूर्वी शिल्लक जुळवली जाई. कुटुंबात पाहुण्यासारखे राहण्याऐवजी त्यांनी स्वतंत्र खोल्या घेतल्या. त्याही अशा ठिकाणी, की कामाच्या जागी पायी जाता यावे. त्यामुळे वाहनाचे भाडे वाचले आणि दररोज आठ ते दहा मैल चालणेही होऊ लागले. पुढे दोन खोल्यांची एकच खोली झाली. सकाळी ओटची लापशी आणि कोको, दुपारचे जेवण बाहेर, रात्री पुन्हा पाव आणि कोको, अशा आहारावर दिवसाचा खर्च एक शिलिंग तीन पेन्सवर आला.

ही सवय नंतर सार्वजनिक कामात उपयोगी पडली. १८९४ मध्ये स्थापन झालेल्या नाताळ इंडियन काँग्रेसचे हिशेब त्यांनी त्याच काटेकोरपणे ठेवले. लोकांच्या पैशाचा चोख हिशेब नसेल तर संस्थेची अब्रू राहत नाही, हे त्यांचे मत कायम राहिले.

१० जून १८९१ रोजी ते बॅरिस्टर झाले आणि दोन दिवसांनी स्वदेशी निघाले. मुंबईत वकिली चालली नाही. तीस रुपयांच्या पहिल्याच खटल्यात उलटतपासणीस उभे राहिले आणि तोंडून शब्द फुटेना. राजकोटला अर्ज लिहून देण्याचे काम मिळू लागले, पण तेथे मन रमले नाही. अशा वेळी दादा अब्दुल्ला यांच्या पेढीचे बोलावणे आले. एका वर्षाचे काम, पहिल्या वर्गाचे जाण्यायेण्याचे भाडे, राहण्याचा खर्च आणि १०५ पौंड मेहनताना. एप्रिल १८९३ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेकडे निघाले.

प्रिटोरियातील नकार

पुढचा प्रवास सर्वपरिचित आहे. दरबानच्या न्यायालयात पगडी उतरवण्याचा आदेश झाला. जूनमध्ये पीटरमारित्झबर्ग स्थानकावर पहिल्या वर्गाचे तिकीट हाती असतानाही त्यांना डब्यातून ढकलून देण्यात आले. त्यापुढच्या घोडागाडीच्या प्रवासात मार बसला. ट्रान्सवालची राजधानी प्रिटोरिया येथे ते एका गरीब पाववाल्याच्या पत्नीकडे आठवड्याला ३५ शिलिंग देऊन राहू लागले. अध्यक्ष क्रूगर यांच्या घरासमोरील पदपथावरून पहाऱ्यावरच्या शिपायाने त्यांना लाथ मारून खाली ढकलले, तेही याच शहरात.

प्रिटोरियातच ते एकदा एका इंग्रज न्हाव्याच्या दुकानात गेले. त्याने तुच्छतेने केस कापायला नकार दिला. गांधीजींना लागले. पण तक्रार न करता त्यांनी सरळ बाजार गाठला, केस कापण्याचे मशीन विकत घेतले आणि आरशापुढे उभे राहून केस कापायला सुरुवात केली. पुढचे केस कसेबसे जमले. मागचे साफ बिघडले. विलायतेत शिकून आलेला प्रत्येक जण स्वतःची दाढी करायला शिके, पण स्वतःचे केस कापायला शिकलेला कोणी त्यांच्या पाहण्यात नव्हता. त्यामुळे ही विद्या त्यांना मुळापासून मिळवावी लागली.

न्यायालयात हशा पिकला. डोक्यावर उंदीर फिरले की काय, अशी विचारणा झाली. गोरा न्हावी काळ्या माणसाच्या केसांना हात लावायला तयार नाही, तेव्हा वाईट का होईना, आपले आपण कापलेले बरे, अशा अर्थाचे उत्तर गांधीजींनी दिले. ते ऐकून मित्रांना नवल वाटले नाही. ट्रान्सवालमध्ये हे नेहमीचेच होते.

या प्रसंगाकडे गांधीजींनी नंतर ज्या नजरेने पाहिले, ती नजर महत्त्वाची आहे. त्यांनी त्या न्हाव्याला दोष दिला नाही. काळ्या गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवले असते, तर गोरी गिऱ्हाइके दुरावून त्याचा धंदाच बुडण्याचा संभव होता. शिवाय हिंदुस्थानात सवर्ण हिंदू तरी दुसरे काय करत होते? आपल्या न्हाव्यांना ते अस्पृश्यांचे केस कापू देत नव्हते. त्याच वागणुकीची परतफेड आपल्याला दक्षिण आफ्रिकेत एकदा नव्हे, अनेकदा मिळाली, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले. आपल्याच समाजाच्या पापाचे हे फळ आहे, या जाणिवेमुळे त्यांचा राग शमला.

त्याच काळात साताऱ्यात

ही केवळ तात्त्विक तुलना नव्हती. गांधीजी नाताळात वकिली करत होते, त्याच सुमारास साताऱ्यात एक शाळकरी मुलगा वाढत होता. त्याच्या घरातील मुलांचे केस त्यांची मोठी बहीण कापत असे. सरावाने ती या कामात चांगली तरबेज झाली होती. साताऱ्यात न्हावी नव्हते असे नाही आणि न्हाव्याला देण्याइतके पैसे घरात नव्हते असेही नाही. अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला एकही न्हावी तयार नव्हता, एवढेच कारण होते. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. पुढे १९३०च्या दशकात लिहिलेल्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत बाबासाहेबांनी ही गोष्ट नोंदवून ठेवली.

दोन घरांत केस घरीच कापले जात होते, पण दोन्हींची कारणे वेगळी होती. बॅरिस्टर गांधींना एका दुकानात नकार मिळाला आणि त्यांनी त्याला स्वावलंबनाचे रूप दिले. मायदेशी परतल्यावर कोणताही न्हावी त्यांच्या सेवेला हजर होणार होता. साताऱ्यातील त्या बहिणीला असा पर्याय कोणत्याच गावात नव्हता. गांधीजींच्या पुढील आयुष्यात या दोन अनुभवांमधले अंतर अनेकदा पुढे आले.

खळ गळणारी कॉलर

दरबानमध्ये संसार थाटल्यावर खर्च वाढला. धोब्याचे बिल मोठे येई आणि कपडे वेळेवर मिळत नसत. कॉलर रोज बदलायची, सदरा निदान एक दिवसाआड. त्यामुळे दोन-तीन डझन सदरे आणि कॉलरीही पुऱ्या पडेनात. गांधीजींनी धुलाईचे साहित्य आणले, त्या विषयावरचे पुस्तक मिळवून अभ्यास केला आणि कस्तुरबांनाही ते काम शिकवले.

स्वतः धुतलेली पहिली कॉलर घालून ते न्यायालयात गेले, तेव्हा प्रिटोरियातल्या हशाची पुनरावृत्ती झाली. खळ जास्त पडली होती. कॉलर जळेल या भीतीने इस्त्री पुरेशी तापवली नव्हती. युक्तिवाद चालू असताना कॉलरीवरून खळ गळत होती. वकील मंडळी हसत होती, पण गांधीजींना त्याचे काही वाटले नाही. सरावाने ते काम त्यांना धोब्याइतके चांगले जमू लागले.

या विद्येचा एक प्रसंग महाराष्ट्राशी जोडलेला आहे. १९१२ मध्ये नामदार गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर आले होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी भेट दिलेले एक उपरणे ते जिवापाड जपत आणि खास प्रसंगीच वापरत. जोहान्सबर्गच्या हिंदी रहिवाशांनी दिलेल्या मेजवानीसाठी ते बाहेर निघाले, तर त्याला चुण्या पडलेल्या. धोब्याकडे पाठवायला वेळ नव्हता. गांधीजींनी इस्त्रीची तयारी दाखवली. गोखल्यांचा त्यांच्या वकिलीवर विश्वास होता, धोबीकामावर नव्हता. डाग पडला तर काय, ही त्यांची धास्ती. अखेर आग्रहापुढे त्यांनी मान तुकवली आणि उपरणे व्यवस्थित इस्त्री होऊन परत आले. गुरूंकडून मिळालेल्या या पावतीनंतर साऱ्या जगाने नाकारले तरी आपल्याला पर्वा नाही, असे गांधीजींना वाटले.

वकील आणि न्हावी

१९०४ मध्ये जोहान्सबर्गहून दरबानला जाताना हेन्री पोलाक यांनी गांधीजींच्या हाती जॉन रस्किन यांचे ‘अन टू धिस लास्ट’ हे पुस्तक दिले. रात्रभर त्यांना झोप लागली नाही. त्या पुस्तकातून त्यांनी घेतलेल्या तीन तत्त्वांपैकी दुसरे असे, की वकिलाच्या कामाचे आणि न्हाव्याच्या कामाचे मोल सारखेच असले पाहिजे, कारण उपजीविकेचा हक्क दोघांनाही सारखा आहे. वकिलाच्या श्रमाशी तोलण्यासाठी या तत्त्वात नेमका न्हावीच यावा, हा योगायोग असेल. परंतु न्हाव्याच्या दारातून परत फिरलेल्या आणि त्याचे काम स्वतः करून फसलेल्या बॅरिस्टरला त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नव्हती.

त्याच वर्षी दरबानजवळ फिनिक्स येथे सुमारे शंभर एकर जमीन घेण्यात आली आणि ‘इंडियन ओपिनियन’चा छापखाना तेथे हलवला गेला. वंश, देश किंवा काम कोणतेही असो, प्रत्येकाने महिन्याला ३ पौंड घ्यावेत, असे ठरले. घरापुरती असलेली काटकसर आता समूहाच्या राहणीचा नियम झाली.

ट्रान्सवालमधील सक्तीच्या नोंदणीविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा १० जानेवारी १९०८ रोजी गांधीजींना दोन महिन्यांची साधी कैद झाली. त्यांच्यासारख्या कैद्यावर केस कापण्याची सक्ती नव्हती. त्यांनी मात्र आपण होऊन डोके आणि मिशा कापून घेण्याची परवानगी मागितली आणि मशीन व कात्री मिळवली. बरोबरचे कैदी पी. के. नायडू या कामात वाकबगार होते. गांधीजींचा हातही एव्हाना बसला होता. त्यांचे पाहून इतर कैदीही पुढे आले आणि दोघे मिळून रोज सुमारे दोन तास सोबत्यांचे केस कापू लागले. खटल्यांत पौंड मोजून घेणारा बॅरिस्टर तुरुंगात न्हाव्याचे काम करत होता. ३० जानेवारीस सुटका होईपर्यंत हे काम चालू होते.

मुलींचे केस

१९१० मध्ये हर्मन कॅलनबाख यांनी जोहान्सबर्गपासून २१ मैलांवरील सुमारे ११०० एकरांची आपली जमीन सत्याग्रहींच्या कुटुंबांना राहण्यासाठी दिली. तिचे नाव टॉलस्टॉय फार्म. नोकर ठेवायचे नाहीत, स्वयंपाकापासून सफाईपर्यंत सर्व कामे आपली आपण करायची, हा शिरस्ता होता. सुतारकाम आणि चपला बनवणे शिकवले जाई. खासगी कामासाठी शहरात जाणाऱ्याने पायी जावे, शिदोरी घरून न्यावी, असा दंडक होता. त्यामुळे लढ्याच्या निधीतील पैसा मोठ्या प्रमाणात वाचला.

याच ठिकाणी कात्रीचा एक वेगळाच वापर झाला. एका तरुणाने दोन मुलींची थट्टा केल्याचे गांधीजींच्या कानी आले. त्यांनी मुलांना समज दिली, पण त्यांचे समाधान झाले नाही. कोणाचीही वाईट नजर जाऊ नये म्हणून मुलींच्या अंगावर काही खूण असावी, असे त्यांनी ठरवले आणि त्यांचे सुंदर लांब केस कापण्याची कल्पना मांडली. मुली प्रथम तयार नव्हत्या. वडीलधाऱ्या स्त्रियांनाही ती कल्पना सहन होईना. गांधीजींनी समजूत घालून सर्वांची संमती मिळवली आणि स्वतःच्या हाताने ते केस कापले. त्यानंतर थट्टा पुन्हा कानी आली नाही, असे त्यांनी लिहिले. इतर शिक्षकांनी या प्रयोगाचे अनुकरण करू नये, त्यात मोठा धोका आहे, अशी सूचनाही त्यांनी त्यासोबत दिली.

आजच्या वाचकाला ती सूचना पुरेशी वाटणार नाही. थट्टा मुलाने केली आणि केस मुलींचे गेले. प्रिटोरियात आपल्या डोक्याचा निर्णय दुसऱ्याने घेतला म्हणून जो माणूस दुखावला होता, त्यानेच इथे दोन मुलींच्या डोक्याचा निर्णय घेतला. त्यांची संमती घेतली होती हे खरे, पण संपूर्ण वसाहतीचा शब्द ज्याच्यापुढे चालत नव्हता, त्याला त्या मुली किती काळ नाही म्हणू शकल्या असत्या? छगनलालांची शेंडी आणि दरबानच्या घरात अस्पृश्य कुळातील कारकुनाचे भांडे उचलण्यावरून १८९८च्या सुमारास कस्तुरबांना दाराबाहेर काढण्यापर्यंत गेलेला संताप, या घटनाही त्याच स्वभावातून आल्या. स्वतःसाठी घेतलेला नियम आपल्या माणसांवर लादताना गांधीजींना थांबता येत नसे. या घटना त्यांनी लपवल्या नाहीत, म्हणूनच आज त्यांची चर्चा करता येते.

कोचरबची परीक्षा

९ जानेवारी १९१५ रोजी गांधीजी मुंबई बंदरात उतरले. त्याच वर्षी हरिद्वारच्या कुंभमेळ्यानंतर हृषीकेशला एका साधूने त्यांच्या डोक्यावर शेंडी आणि गळ्यात जानवे नाही, याबद्दल खंत व्यक्त केली. जानवे घालण्यास गांधीजींनी नकार दिला. ज्या खुणेचा हक्क असंख्य हिंदूंना नाही, ती आपण धारण करण्याचे त्यांना कारण दिसेना. शेंडी मात्र त्यांनी पुन्हा राखली, कारण ती लाजेपोटी काढली होती. भीतीने घेतलेला निर्णय सत्तावीस वर्षांनी मागे घेतला गेला.

मे महिन्यात अहमदाबादजवळ कोचरब येथे आश्रम सुरू झाला. काही महिन्यांतच दुदाभाई, त्यांची पत्नी दानीबहेन आणि लहानगी लक्ष्मी हे अस्पृश्य कुटुंब तेथे राहायला आले. विहिरीवर वाद झाले, शिव्याशाप झाले, देणगीदारांनी हात आखडला. आश्रमातील स्त्रियांमध्येही नाराजी होती आणि कस्तुरबा तिला अपवाद नव्हत्या. पैसे संपले तर अस्पृश्य वस्तीत जाऊन मजुरीवर राहू, असे गांधीजींनी ठरवले होते. एका अनाम देणगीदाराने १३,००० रुपये आणून दिल्यामुळे ती वेळ आली नाही. प्रिटोरियाच्या न्हाव्याच्या निमित्ताने आपल्या समाजाबद्दल जे मनात उमटले होते, त्याची किंमत मोजण्याची तयारी येथे दिसली.

पुण्यात आमनेसामने

सप्टेंबर १९३२ मध्ये गांधीजी आणि डॉ. आंबेडकर पुण्याच्या येरवडा तुरुंगात समोरासमोर आले. अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ देणाऱ्या ब्रिटिश सरकारच्या निवाड्याविरुद्ध गांधीजींनी २० सप्टेंबर रोजी प्राणांतिक उपोषण सुरू केले होते. २४ सप्टेंबर रोजी पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले, राखीव जागांची संख्या १४८ झाली. एका माणसाच्या प्राणांचा भार दुसऱ्या बाजूच्या वाटाघाटींवर पडला होता, ही बाबासाहेबांची तक्रार पुढेही कायम राहिली.

दोघांमधील मतभेदाचे मूळ शोधायचे तर प्रिटोरिया आणि सातारा यांकडे पुन्हा पाहावे लागते. सवर्णांनी पश्चात्ताप करावा, मन बदलावे, म्हणजे अस्पृश्यता जाईल, यावर गांधीजींचा भर होता. नकार देणाऱ्याचे मन बदलेपर्यंत नकार सोसणाऱ्याने थांबावे कशाला, त्याला हक्क आणि कायदा हवा, ही आंबेडकरांची भूमिका होती. करारानंतर गांधीजींनी नोव्हेंबर १९३३ ते ऑगस्ट १९३४ या काळात अस्पृश्यतेविरुद्ध देशभर सुमारे साडेबारा हजार मैलांचा दौरा केला. जून १९३४ मध्ये पुण्यात त्यांच्या ताफ्यावर बाँब टाकण्यात आला, तो याच दौऱ्यात.

१९३६ पासून वर्ध्याजवळील सेगाव, म्हणजे आजचे सेवाग्राम, हे त्यांचे घर झाले. तेथे संस्कृत पंडित परचुरे शास्त्री कुष्ठरोगाने जर्जर होऊन आश्रयाला आले. लोक ज्यांच्या सावलीलाही टाळत, त्या शास्त्रीबुवांच्या अंगाला गांधीजी स्वतः मालिश करत. दुसऱ्याच्या शरीराला हात लावण्यात कमीपणा नाही, ही गोष्ट त्यांनी वयाच्या सत्तरीत रोजच्या कामातून दाखवली.

दुकान म्हणजे काय?

३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. बरोबर चाळीस वर्षांपूर्वी त्याच तारखेला ते जोहान्सबर्गच्या तुरुंगातून सुटले होते.

दहा महिन्यांनी, २९ नोव्हेंबर १९४८ रोजी, संविधान सभेत मूलभूत हक्कांवर चर्चा चालू होती. धर्म, वंश, जात यांवरून कोणालाही दुकानात जाण्यास मज्जाव करता येणार नाही, अशा अर्थाची तरतूद मसुद्यात होती. या कलमातील दुकान या शब्दाची व्याप्ती किती, असा प्रश्न निघाला. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर यांनी त्याचा खुलासा केला. दुकान हा शब्द व्यापक अर्थाने घ्यायचा आहे. सेवा मागायला येणाऱ्याला ती देण्याची तयारी ठेवून मालक जेथे बसतो, ती जागा म्हणजे दुकान. त्यात आपली सेवा देणारा कोणीही येतो, असे त्यांनी स्पष्ट केले. ज्यांच्या लहानपणी साताऱ्यातील एकही न्हावी दार उघडत नव्हता, त्यांच्याकडूनच हा खुलासा आला.

त्याच दिवशी अस्पृश्यता नष्ट करणारे कलम संमत झाले. आज ते संविधानाचे सतरावे कलम आहे. ते मंजूर होताच सभागृहात महात्मा गांधींचा जयजयकार झाला. १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारणे हा गुन्हा ठरवला. गोऱ्या न्हाव्याचा नकार गांधीजींनी एका मशीनच्या किमतीत परतवला होता. साताऱ्यातील त्या बहिणीच्या हातची कात्री खाली ठेवायला मात्र देशाला संविधान लिहावे लागले.